आई, टेक टू!

लॅपटॉप आहे, हेडफोन आहे, इंटरनेटवर शिकवणारे शंभर गुरू आहेत. मग घरच्या घरी एक गाणं रेकॉर्ड करायला असा कितीसा वेळ लागतो? बेडरूमचा स्टुडिओ करायला निघालेल्या एका आयटीवाल्याला लागले चौदा महिने... आणि चार गोधड्या!

गुन्हा आधी कबूल करून टाकतो. १९९८ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, मी आईचा आवाज पुसला.

झालं असं, की १९८९च्या गणपतीत आई आमच्या सांगलीच्या गल्लीतल्या मांडवात गायली होती. चार अभंग. मामाने ते टू-इन-वनवर टेप केले. घरात आईच्या गाण्याची तेवढी एकच कॅसेट. तिच्यावर कुणी दुसरं काही टेप करू नये म्हणून मामाने कॅसेटच्या वरच्या कडेची ती दोन इवलीशी प्लास्टिकची टॅब मोडून ठेवली होती. ज्यांचं बालपण कॅसेटींत गेलंय त्यांना पुढचं माहीत असेल. टॅब मोडलेलं असलं की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आणि त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला, की मस्त दाबलं जातं! मला नव्या सिनेमाची गाणी हवी होती, शेजाऱ्यांकडे डबल-डेक होता आणि माझ्या दप्तरात सेलोटेप होता. बस्स.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. "जाऊ दे रे, मी काय मोठी गायिका लागून गेले," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. ते वाक्य पुढची पंचवीसेक वर्षं माझ्या डोक्यात रिवाइंड होत राहिलं.

कट टू पुणे. कोथरूडचा वन बीएचके, हिंजवडीची नोकरी, पद सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. एका शुक्रवारी रात्री ठरवलं, आपली एक जुनी चूक दुरुस्त करायची. आईला पुन्हा रेकॉर्ड करायचं. घरीच. आणि स्वतः शिकून!

स्टुडिओ घरी आला कसा?

तसं घरी रेकॉर्डिंग करणं हे काही आजचं फॅड नाही. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करता येतील, असं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात तसंच यंत्र वापरून गाणी टेप केली. खरं तर ती नुसती कच्ची गाणी होती, बँडला ऐकवायला. नंतर मोठ्या स्टुडिओत बँड घेऊन तीच गाणी वाजवून पाहिली, पण त्या कॅसेटमधली जादू काही येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला! बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनिअसने, लॉस एंजेलिसच्या घरातल्या त्याच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केला. २०२०च्या ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' ठरला तोच.

ही उदाहरणं वाचून माझ्यासारख्या माणसाचं काय होतं? तो ताबडतोब शॉपिंगला बसतो!

महिन्याभरात माझ्या टेबलावर ऑडिओ इंटरफेस आला (माइकमधला आवाज लॅपटॉपला समजेल अशा आकड्यांत बदलणारी डबी), भलामोठा कंडेन्सर माइक आला, स्टँड, केबल, पॉप फिल्टर आणि हेडफोन आले. बायको म्हणाली, "गाणारं माणूस कधी येणारे?" मी म्हटलं, "आधी सेटअप तर होऊ दे!" त्यानंतर पाच महिने सेटअपच होत होता. रोज रात्री व्हिडिओ बघायचो. कुठला माइक भारी, कुठलं प्लग-इन जबरदस्त. एकही गाणं रेकॉर्ड न करता मी रेकॉर्डिंगमधला एक्स्पर्ट होत चाललो होतो. जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊन फक्त ट्रॅकपँट विकत घेणारे आपणच ना!

मग जुलैत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. सहा आठवडे राहणार होती. म्हणजे आता डेडलाइन आली. आणि डेडलाइनशिवाय आपण कुणी कधी काही केलंय का?

खोली गाते, हे कुणी सांगितलंच नव्हतं

पहिला प्रयोग स्वतःच्या आवाजावर केला. हेडफोन लावून ऐकलं आणि हादरलोच. गाणं कमी, कोथरूड जास्त! पंख्याची घरघर, लिफ्टचं दार, खालची रिक्षा, शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी. सगळं एकदम एचडी. भरीला माझा आवाज बाथरूममधून आल्यासारखा.

माझा एक कॉलेजमित्र नाटकांचं साउंड करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "भावा, खोलीच्या मधोमध उभा राहा आणि एक टाळी वाजव." वाजवली. टाळीच्या मागोमाग भिंतींतून एक बारीकसा 'टर्रर्र' आवाज आला. "ऐकलंस? हा तुझ्या गाण्यातला दुसरा गायक. याला आधी गप्प कर."

फंडा असा आहे. माइक फक्त गळ्यातला आवाज घेत नाही. तोच आवाज भिंतींवर, फरशीवर, छतावर आपटून परत येतो, तोही घेतो. सिमेंटच्या उघड्या भिंतींची चौकोनी खोली म्हणजे या आपटाआपटीचं माहेरघरच. आणि एकदा ती खोली रेकॉर्डिंगमध्ये शिरली, की नंतर कुठलंही बटण दाबून ती पूर्णपणे बाहेर काढता येत नाही.

मग भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचे का? अजिबात नको. (शिवाय आमच्या शाकाहारी घरात ते आणायचे कुठून?) पुठ्ठ्याचा पातळ ट्रे आवाज फारसा शोषतच नाही. पातळ फोमही फक्त वरचे, टोकदार आवाज शोषतो आणि खालचा घुमणारा आवाज तसाच ठेवतो. आवाज शोषायला हवं काहीतरी जाड, मऊ, वजनदार. आमच्या घरात अशा दोनच गोष्टी निघाल्या. आजीच्या हातच्या गोधड्या आणि आईच्या साड्यांनी फुगलेलं कपाट!

तर स्टुडिओ असा ठरला. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी. माइकची पाठ कपाटाकडे. आई कपाटाकडे तोंड करून बसणार. तिच्या मागे दोरीवर दोन गोधड्या, खाली आणखी दोन. पुन्हा टाळी वाजवली, नुसता 'टप्' आवाज आला. खर्च शून्य रुपये!

माइकही बदलला. महागडा कंडेन्सर माइक नाजूक कानाचा. त्याला चालायला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो खोलीतलं बारीकसारीक सगळं टिपतो. चांगल्या स्टुडिओत हा गुण, माझ्या बेडरूममध्ये हाच दोष. मित्राने त्याचा एक साधा डायनॅमिक माइक दिला, स्टेजवर गायक हातात घेतात तसला. जवळून गायलं की तो गळ्याचं ऐकतो, लांबच्या रिक्षेकडे काणाडोळा करतो.

उरला प्रश्न वेळेचा. संध्याकाळ बाद, कारण नदीकाठी ढोल-ताशा पथकांची गणपतीची प्रॅक्टिस सुरू झालेली. सकाळ बाद, कारण पाण्याचा पंप. मग शांतता कधी? अर्थात दुपारी १ ते ४! पुणेकरांच्या वामकुक्षीला जगाने कितीही नावं ठेवू देत, साउंड रेकॉर्डिंगसाठी तिच्यासारखी वेळ नाही, बॉस!

हात मोकळे, सूर हरवला

व्हिडिओंमधल्या गुरूंनी शिकवलं होतं, की एका वेळी एकच गोष्ट रेकॉर्ड करा. आधी पेटी, मग तिच्यावर आवाज, मग तबला. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, म्हणजे मिक्सिंगला मोकळे. मी आईला हेडफोन लावून बसवलं.

पहिल्याच ओळीला ती थांबली. "अरे, माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतोय." याला म्हणतात लेटन्सी. लॅपटॉप आवाजाचे तुकडे गोळा करतो आणि मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि एका खेपेला १,०२४ गोळा करायचे म्हटलं, की आत यायलाच साधारण २३ मिलिसेकंद लागतात. बाहेर पडायला आणखी. आकडा लहान वाटतो, पण गाणाऱ्याच्या पायाखालची लय सरकते. उपाय सोपा निघाला. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की लॅपटॉपची वारी न करता आवाज थेट कानात येतो.

लेटन्सी गेली, तरी गाणं येईना. सूर कणभर खाली, चेहरा अवघडलेला. तीन दुपारी अशाच गेल्या. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "हातात पेटी नसली ना, की गळ्याला काही सुचत नाही बघ."

किती साधी गोष्ट! चाळीस वर्षं ती पेटी वाजवतच गातेय. भात्यावरचा हात आणि श्वास यांचं काहीतरी गुपित ठरलेलं आहे. आणि मी सोयीसाठी त्यांची ताटातूट करत होतो.

मग गुरूंना नमस्कार करून दोन्ही एकत्रच रेकॉर्ड करायचं ठरवलं. गळ्याला डायनॅमिक माइक, पेटीला कंडेन्सर. पण दोन माइक एकच आवाज थोड्या वेगवेगळ्या वेळी ऐकतात, मग दोन्ही मिसळताना आवाज पोकळ होतो. त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे, तीनास एक. तोंडापासून माइक एक वीत असेल, तर दुसरा माइक त्या माइकपासून निदान तीन वीत लांब हवा. मिलिमीटर नको, विती पुरतात.

याची किंमत एकच. आईच्या ट्रॅकमध्ये पेटी थोडी येणार, पेटीच्या ट्रॅकमध्ये आई. म्हणजे पुढे 'ऑटो-ट्यून' मारून सूर दुरुस्त करायचा रस्ता बंद, कारण गळ्याबरोबर पेटीही ओढली जाते. १९९७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर पॉपवाल्यांना वरदान आहे. पण नेहमीच्या सेटिंगवर ते प्रत्येक सूर जवळच्या बारा खुंट्यांपैकी एकीला टांगतं. आपल्या गाण्यातली मींड तर खुंट्यांच्या मधल्या हवेतच राहते! तेव्हा तो रस्ता बंद झाला ते बरंच झालं.

आणि तो टेक फाटला

पाचवा दिवस, दुपारचे सव्वादोन. सोसायटी घोरत होती. मी पंखा बंद केला, कुत्र्याच्या मालकाला मनातल्या मनात नवस बोललो आणि रेकॉर्ड दाबलं.

आई गायली. अशी गायली, की मी मीटरकडे बघायचं विसरलो. शेवटच्या कडव्याला ती तार सप्तकात गेली आणि तिथे थांबली. कसलीही घाई नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपल्यावर दोघंही काही वेळ गप्प.

मग मी ऐकायला लावलं. सगळं छान. तार सप्तक आलं आणि... खर्रर्र.

क्लिपिंग! डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे. आवाज त्याच्या वर गेला की लाटेचा माथाच कापला जातो, आणि कापलेलं नंतर खऱ्या अर्थाने परत येत नाही. तालमीत आई हळू गात होती, त्यावर मी लेव्हल लावली. वर, 'आवाज भरगच्च यावा' म्हणून नॉब आणखी वर नेला. कॅसेटच्या जमान्यात ते ठीक होतं, कारण टेपची सुंसुं झाकायला आवाज मोठा घ्यावा लागायचा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला ती गरजच नाही. सर्वांत मोठी जागा उणे बारा ते उणे दहाच्या आसपास राहिली तरी भरपूर. हे मला माहीत होतं. निदान चार व्हिडिओंत ऐकलं होतं. नॉबवरच्या हाताला तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा आईचा आवाज पुसला, आणि तोही मीच.

"आई... टेक टू?" मी विचारलं. आवाज निघत नव्हता. आई म्हणाली, "पाणी आण आधी. आणि तो चेहरा नीट कर. कॅसेटच्या वेळीही अस्साच केला होतास."

त्या दुपारी अजून तीन टेक झाले. चांगले झाले. पण ती जागा तशी पुन्हा आली नाही. आम्ही ठेवला तो तिसरा.

टेस्टिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. बग जितका उशिरा सापडेल, तितका तो महाग पडतो. रेकॉर्डिंगचा अख्खा धडा हाच आहे! गाणारा अवघडलेला असेल तर माइक काही करू शकत नाही. खोली घुमत असेल तर मिक्सिंग काही करू शकत नाही. मिक्स बिघडला असेल तर मास्टरिंग काही करू शकत नाही. आणि आपण सगळे 'नंतर बघू, सॉफ्टवेअर आहे ना' म्हणत उलट्या टोकाने शिकायला लागतो.

विहिरीतली आई

ऑफिसातला एक सहकारी तबला वाजवतो. त्याने नंतर घरी येऊन ठेका भरला. मी त्याला आधी मेट्रोनोमची टिकटिक दिली होती. पाच प्रयत्नांनंतर तो म्हणाला, "हे बंद कर रे. काकूंची लय श्वास घेतेय, मी काकूंच्या मागे जातो." गेला, आणि एका दमात जमलं.

आई सांगलीला परत गेली आणि मी मिक्सिंगला बसलो. मिक्सिंग म्हणजे काय? सोप्या भाषेत, पंगतीत कुणाला कुठे बसवायचं ते ठरवणं. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे. पण माझ्यासमोर चाळीस प्लग-इन होते. मी एकेक करून सगळी लावली!

दोन महिन्यांनी मोठ्या ऐटीत आईला फाइल पाठवली. तिचा फोन आला. "छान आहे रे. पण मी विहिरीतून गातेय असं का वाटतंय? आणि पेटी अंगावर येतेय."

दोन वाक्यांत दोन अचूक बग! विहीर म्हणजे जास्तीचा रिव्हर्ब. देवळात गातेय असं वाटावं म्हणून मी तो ओतला होता. आणि पेटी? मी रोज रात्री, बायको झोपल्यावर, अगदी बारीक आवाजात मिक्स करायचो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून मी पेटीचा खालचा भाग वाढवत राहिलो. मोठ्या आवाजात लावलं की तोच अंगावर!

सगळी प्लग-इन काढून टाकली. शून्यापासून सुरुवात. आधी फक्त तीन फेडर, काही न लावता नुसता तोल. निम्मं काम तिथेच झालं. मग आईच्या ट्रॅकमधून ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. भीती वाटत होती, तिचा आवाज तर कापला जाणार नाही? तर हिशेब केला. आई पांढरी पाचमध्ये गाते, म्हणजे तिचा मधला सा १९६ हर्ट्झचा. मंद्र पंचमापर्यंत उतरली तरी १४७. म्हणजे ८०च्या खाली आई नाहीच, नुसत्या रिक्षा आहेत! ३००च्या आसपास थोडी घुसमट होती, ती जराशी कमी केली. 'स' आणि 'श' टोचत होते, त्यांना डी-एसरने मऊ केलं. हळू-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करायला कंप्रेसर लावला, पण हलकासा. शेवटी चिमूटभर रिव्हर्ब. मिठासारखा. कळला, तर जास्त झाला.

आणि मग खरी परीक्षा. हेडफोनवर ऐकलं, मोबाइलवर ऐकलं, बायकोच्या गाडीत ऐकलं. रात्रीचं मिक्स सकाळी चहाच्या आधी ऐकलं. रात्री जे जीनियस वाटतं ते सकाळी कसं वाटतं, हे अर्ध्या रात्री बॉसला मेल पाठवणाऱ्यांना सांगायला नको.

मास्टरिंग : शेवटचा हात

मास्टरिंग म्हणजे काहीतरी गूढ मंत्र, असं मला वाटायचं. मुळात हे काम तबकड्यांच्या काळातलं. टेपवरचं गाणं तबकडीत कोरायचं, तेव्हा खालचे सूर फार झाले तर सुई उडायची, म्हणून आवाज खाचेत बसेल असा करून द्यावा लागे. आज कोरायचं काही नाही, पण काम तेच. गाणं घरातून बाहेर पडताना शेवटचा आरसा बघायचा.

इथला मोठा सापळा म्हणजे मोठा आवाज. कुठलंही गाणं जरा मोठं केलं की लगेच चांगलं वाटतं. म्हणून लिमिटरने दाबून दाबून फुगवायचा मोह होतो. पण स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीला सगळी गाणी आणून ठेवतं. तुम्ही फुगवून पाठवलंत तर ते खाली खेचणार. हातात उरणार फक्त चेपलेलं गाणं. मी आवडीचं एक व्यावसायिक रेकॉर्डिंग शेजारी घेतलं, दोन्हींचा आवाज सारखा केला आणि तुलना करत राहिलो. लिमिटर जेमतेम लावला, वर एक डेसिबल जागा सोडली. वीस मिनिटांत झालं. चौदा महिन्यांतली शेवटची वीस मिनिटं!

चौकट : वीकेण्ड स्टुडिओ

• सॉफ्टवेअर : ऑडॅसिटी मोफत आहे. मॅकवर गॅरेजबँड मोफत. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. कुठलंही एक घ्या आणि सहा महिने बदलू नका.
• सामान : दोन माइक लागतील असा साधा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, कान झाकणारे बंद हेडफोन. एवढंच. बाकी यादी पहिलं गाणं पूर्ण झाल्यावर.
• माइक : तोंडापासून एक वीत, जरासा तिरका. 'फ' आणि 'भ'ची हवा थेट माइकवर आपटत नाही.
• लेव्हल : गाण्यातली सर्वांत मोठी जागा आधी गाऊन घ्या, मग नॉब लावा. मी लावला तसा नको!
• तीन प्रती : दोन वेगवेगळ्या जागी साठवलेल्या, पैकी एक घराबाहेर. हार्ड डिस्कला मोडायला टॅब नसतं.

चार वजा तीन

गेल्या महिन्यात सांगलीला गेलो, तेव्हा पेन ड्राइव्हवर फायनल नेलं. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. गाणं संपेपर्यंत तीन पोळ्या झाल्या. मग म्हणाली, "आता नीट आहे. मी माझ्या जागेवर आहे, पेटी पेटीच्या."

आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. चौदा महिने मी त्यासाठीच धडपडलो. आणि घरातली खरी कानसेन पोळ्या लाटत बसली होती!

मी म्हटलं, "त्या कॅसेटवर चार होते ना गं? आता राहिले तीन." आईने बोटांवर मोजलं. एक हा झाला. दुसऱ्याची चाल तिने तिथेच गुणगुणली. तिसऱ्याचे शब्द बाबांच्या वहीत सापडतील म्हणाली.

चौथा कुठला होता, ते तिला आठवत नाही. मामाला विचारलं, त्यालाही नाही. तो सेलोटेपखाली गेला, तो गेलाच.

दिवाळीला आई येतेय पुण्याला. गोधड्या धुऊन ठेवल्यात. बायकोने कपाट आवरायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. आणि या वेळी नॉबला हात लावण्याआधी मी तिला तार सप्तक गाऊन दाखवायला सांगणार आहे.

तुमच्याही घरात कुणीतरी गात असेल. पोळ्या करताना, झोपाळ्यावर, देवासमोर. माइक नंतर घ्या. या रविवारी, दुपारी १ ते ४मध्ये, पंखा बंद करून मोबाइलवरच एकदा रेकॉर्ड दाबा. टेक टू आयुष्यात दर वेळी मिळेलच असं नाही!